जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे भाग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न १९७० ते १९८५ या काळातल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पबद्दलचे असतात. कुणाकडे आखातातून आलेला सान्सुई, पायोनिअर किंवा अकाई असतो, कुणाकडे इथलाच सोनोडाइन नाहीतर कॉस्मिक. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटबद्दल २०वा प्रश्न पाहा. झाकण उघडण्याआधी ३रा आणि ४था प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचावा.

१. आमचा अ‍ॅम्प व्यवस्थित वाजतो. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून आतले सगळे कपॅसिटर बदलून घ्यावेत का?

सरसकट नको. भाग खराब होतात ते उष्णतेने, दमट हवेने आणि आतलं रसायन सुकल्याने. त्यामुळे एकाच सेटमध्ये हीटसिंकलगतचा (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यालगतचा) कपॅसिटर पार गेलेला असतो आणि टोन कंट्रोलच्या बोर्डावरचा अजून मापात असतो. आधी मोजा. स्पीकर काढून स्पीकर टर्मिनलवरचा डीसी पाहा; ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. पॉवर सप्लायचे व्होल्टेज सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. अर्धा तास नुसता चालू ठेवून दोन्ही चॅनलचे हीटसिंक सारखेच कोमट आहेत का ते बघा. जिथे फरक दिसेल तिथे काम आहे.

न मोजता काढून टाकाव्यात अशा मुख्य दोन गोष्टी: मेन्सवरचा जुना कागदी कपॅसिटर (प्रश्न ९) आणि तपकिरी पडलेला गोंद (प्रश्न १०).

२. मग वयामुळे नेमकं काय जातं आणि काय टिकतं?

जाणारे भाग: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (दुकानात ‘कंडेन्सर’ म्हणून मागतात तेच), रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट, उघडे प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर), हीटसिंकची पेस्ट, सोल्डरचे सांधे, काही ठरावीक ट्रान्झिस्टर आणि जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर. या रेझिस्टरची किंमत वर्षांनुवर्षं वर सरकत जाते.

टिकणारे भाग: ट्रान्सफॉर्मर, सिरॅमिक आणि प्लॅस्टिक फिल्मचे कपॅसिटर, मेटल फिल्म रेझिस्टर, बहुतेक पॉवर ट्रान्झिस्टर. यांना विनाकारण हात लावू नका. जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी दोन-तीनदा तापली की उचलली जाते, आणि मग चांगल्या बोर्डावर तारा ओढायची वेळ येते.

३. प्लग काढला की काम सुरू करायला हरकत नाही ना?

आहे. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये तो साधारण ३० ते ६० व्होल्टचा असतो, व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३००-४०० व्होल्टच्या घरात, म्हणजे जिवावर बेतणारा. प्लग काढा, १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर (व्हॉल्व्हच्या सेटसाठी काही किलो-ओहमचा) इन्सुलेटेड वायरला जोडून कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद लावून धरा, आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय अनेकांना असते. त्याने कपॅसिटरलाही इजा होते आणि ठिणगीने डोळ्यालाही.

४. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

सिरीज बल्ब लावा. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड पुरेसा आहे. त्यात ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब हवा. एलईडीचा चालणार नाही. स्पीकर काढून ठेवा. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर फिल्टर कपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. बल्ब तसाच लख्ख राहिला तर लगेच बंद करा: आत शॉर्ट आहे आणि बल्बमुळे तुमचे नवे ट्रान्झिस्टर वाचले.

सेट कित्येक वर्षं बंद पडून असेल तर डिमरस्टॅटने (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवणं त्याहून चांगलं, कारण कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर पुन्हा जमायला वेळ मिळतो. डिमरस्टॅट असला तरी सिरीज बल्ब काढू नका.

५. नवा इलेक्ट्रोलिटिक घेताना काय काय जुळायला हवं?

मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, आणि तापमान १०५ अंशांचं. ही शेवटची गोष्ट लोक सोडून देतात. कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी कमी राहिलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तासांच्या आसपास चालतो, आणि ८५ अंशांना तेवढ्याच तासांचा कपॅसिटर त्याच ठिकाणी ८,००० तास. किमतीतला फरक काही रुपयांचा असतो.

नवे कपॅसिटर आकाराने लहान असतात, म्हणून पायांमधलं अंतर मोजून न्या. पाय फाकवून बसवले की मुळाशी रबरावर ताण येतो.

फक्त मायक्रोफॅरड मोजून जुना कपॅसिटर चांगला ठरवू नका. साध्या मल्टिमीटरवर तो ९० टक्के दाखवतो, पण आतला रोध, म्हणजे ईएसआर, दहापट झालेला असू शकतो. ईएसआर मीटरने कपॅसिटर बोर्डावरच तपासता येतो. हे काम वारंवार करणार असाल तर हे मीटर सगळ्यात आधी घ्या.

६. मेन फिल्टरला ६,८०० ऐवजी २२,००० मायक्रोफॅरड टाकला तर बास वाढेल ना?

बास वाढत नाही. वाढतो तो चालू करतानाचा करंटचा झटका, आणि तो ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), स्विच आणि फ्यूज यांना सोसावा लागतो. ६,८०० च्या जागी १०,००० पर्यंत ठीक. त्यापुढे जायचं तर रेक्टिफायरही बदलावा लागतो, आणि तरीही कानाला काही कळत नाही.

सेट घुमत असेल तर आधी त्याचा सूर ओळखा. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, म्हणून फिल्टर गेला की १०० हर्ट्झचा, जरा धारदार घूं ऐकू येतो. तो व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तसाच राहतो. ५० हर्ट्झचा खोल घूं असेल तर अर्थिंग, केबलची शिल्ड आणि इनपुट सॉकेट बघा. तिथे फिल्टर बदलून काही होणार नाही.

७. महागडे ‘ऑडिओ ग्रेड’ कपॅसिटर घ्यावेत का?

माझं मत: तेवढ्या पैशात नामांकित कंपनीचा साधा १०५ अंशांचा कपॅसिटर अधिकृत वितरकाकडून घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली सोल्डर आणि पंप घ्या. बाजारात ऑडिओ ग्रेडच्या नावाने नकली माल सगळ्यात जास्त येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेत असाल तर दोन जास्त घ्या, घरी मोजा, आणि मग लावा.

सोल्डर शिसं असलेली ६३/३७ ची वापरा. जुने सांधे शिशाचेच असतात, त्यावर बिनशिशाची सोल्डर घातली तर सांधा चांगला बसत नाही.

८. नवा कपॅसिटर लावला आणि दोन मिनिटांत फुगला. माल खराब होता का?

बहुधा उलटा लागला. यात सगळ्यात जास्त चूक निगेटिव्ह सप्लायच्या बाजूला होते. तिथे ग्राउंड हेच जास्त व्होल्टेजचं टोक असतं, म्हणून कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो. नजर मात्र ‘ग्राउंड म्हणजे मायनस’ असं गृहीत धरते. बोर्डावरची छपाईही काही सेटमध्ये चुकलेली असते. म्हणून काढण्याआधी फोटो घ्या, एक काढा, एक लावा, मग पुढचा. एक चॅनल पूर्ण होऊन तपासून होईपर्यंत दुसऱ्या चॅनलला हात लावू नका. तो तुमचा चालता-बोलता नकाशा असतो.

जुन्या कपॅसिटरवर ‘बीपी’ किंवा ‘एनपी’ लिहिलेलं असेल तर तो बिगर-ध्रुवीय आहे. तिथे तसाच लावा. मिळत नसेल तर १० मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर मायनसला मायनस जोडून ५ मायक्रोफॅरडचा एक बनतो.

९. बंद करताना मागून जळका वास आणि धूर आला. आणि चेसिसला हात लावला की झिणझिण्या येतात.

दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा मेन्सच्या बाजूच्या कपॅसिटरमध्ये असतं. पॉवर स्विचवर ठिणगी दाबण्यासाठी एक कपॅसिटर असतो. युरोपियन सेटमध्ये तो बरेचदा पिवळसर पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणातला, आत कागद असलेला असतो. भिंग लावून पाहिलं तर आवरणावर बारीक भेगांचं जाळं दिसतं. त्या भेगांतून दमट हवा आत जाते, कागद ओला होतो आणि एक दिवस धूर येतो. तिथे एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेलाच कपॅसिटर लावा. ‘४०० व्होल्ट’ लिहिलेला साधा डीसी कपॅसिटर तिथे चालत नाही.

मेन्सपासून चेसिसला जाणारा कपॅसिटर असेल तर त्या जागी वाय२ वर्गाचा हवा. तो शॉर्ट झाला तर चेसिसवर थेट २३० व्होल्ट येतात, म्हणून वाय वर्गाच्या चाचण्या जास्त कडक असतात. झिणझिण्यांसाठी टेस्टर पेटतो का एवढंच बघू नका. अगदी सूक्ष्म गळतीनेही निऑनचा टेस्टर पेटतो. कपॅसिटर बदलूनही झिणझिण्या राहिल्या तर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन तपासून घ्या, आणि तोवर सेट लावू नका.

१०. कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी काहीतरी साचलंय. गळलाय का?

बहुतेक वेळा तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. नवा असताना पिवळट-मऊ, आणि वर्षानुवर्षं तापून तपकिरी, काचेसारखा कडक. तपकिरी झाला की तो हवेतला ओलावा धरून थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या डायोड-रेझिस्टरचे पाय कुरतडतो. मी असे पाय पाहिले आहेत जे बाहेरून काळे दिसतात आणि चिमटा लावताच गोंदाच्या कडेला तुटून हातात येतात. गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून लाकडी काडीने हळूहळू खरवडा आणि काळे पडलेले पाय असलेले भाग बदला. पांढरा किंवा मऊ गोंद तसाच राहू दे.

११. एका चॅनलचा आवाज जातो, व्हॉल्यूम मोठा केला की फटकन परत येतो.

हे रिलेचं लक्षण आहे. स्पीकर वाचवणाऱ्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर काळा थर बसतो. कमी आवाजात त्यातून सिग्नल पार होत नाही, मोठ्या आवाजात होतो. मुंबईत आणि कोकणपट्टीत हे फार लवकर होतं. रिलेचं झाकण काढून चांगल्या जाड कागदाची पट्टी अल्कोहोलने ओली करा, कॉन्टॅक्ट हलके दाबून त्यांच्यामधून ओढा, पट्टीवर काळी रेघ येईनाशी होईपर्यंत. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. कॉन्टॅक्टला खड्डे पडले असतील तर रिले बदला: कॉइलचं व्होल्टेज तेच (२४ व्होल्ट सर्वसाधारण), करंट तेवढा किंवा जास्त, पायांची मांडणी तीच. रिले बायपास कधीही करू नका.

रिले चांगला असूनही दोष राहिला तर टेप मॉनिटरचा स्विच पंचवीस-तीस वेळा पुढे-मागे करून बघा. मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन जोडणाऱ्या धातूच्या कड्या असतील तर त्या काढून पुसा. एनएडी ३०२० मध्ये चॅनल गेल्याची तक्रार कितीतरी वेळा एवढ्यानेच मिटते.

१२. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते. पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) बदलू का?

आधी स्वच्छ करा. कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीतून आत मारून वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. गंजलेल्या स्क्रूसाठीचा तेलकट स्प्रे वापरू नका. त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. स्वच्छ करूनही फिरवताना खर्र होत असेल तर पॉटच्या टोकांवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टही मिळाले तर पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय, तो बदला.

१३. काहीही न लावता स्पीकरमधून फरफर, मधूनच तडतड येते.

व्हॉल्यूमने ती कमी-जास्त होते का ते पाहा; त्यावरून दोष पॉटच्या आधी की नंतर ते कळतं. मग प्रत्येक छोट्या ट्रान्झिस्टरवर फ्रीझर स्प्रे मारा. ज्याच्यावर मारताच आवाज बदलतो तो गुन्हेगार. १९७० च्या दशकातल्या जपानी सेटमध्ये २एससी४५८ हा यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याच्या काळवंडलेल्या पायांवरूनच ओळखू येतो. तो दिसला की मी सगळेच बदलतो.

त्या जागी केएससी१८४५ चांगला चालतो, पीएनपी बाजूला केएसए९९२. पाय मात्र डेटाशीटवरून जुळवा. सपाट बाजू समोर धरली तर केएससी१८४५ चे पाय डावीकडून एमिटर-कलेक्टर-बेस, बीसी५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर आणि २एन३९०४ चे एमिटर-बेस-कलेक्टर असे येतात.

१४. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. तेवढाच बदलला तर परत उडाला. असं का?

आउटपुट सहसा एकटा जात नाही. त्याच्यासोबत ड्रायव्हर, बेसचा छोटा रेझिस्टर आणि ०.२२ ते ०.४७ ओहमचा सिमेंटचा एमिटर रेझिस्टर यांपैकी काहीतरी जातंच. हे सगळे एकेक पाय उचलून तपासा. त्या चॅनलची आउटपुट जोडी दोन्ही बाजूंनी बदला. फ्यूजिबल रेझिस्टर गेला असेल तर त्या जागी फ्यूजिबलच लावा, साधा लावला तर पुढच्या वेळी बोर्ड जळेल. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा तर मुळीच नको.

नवा मायका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा पातळ इन्सुलेटर), दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ हात, आणि स्क्रू आवळल्यावर कलेक्टर व हीटसिंक यांच्यामध्ये मीटर लावून शॉर्ट नाही याची खात्री. मग सिरीज बल्बवर (प्रश्न ४) आणि बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटमधून वाहणारा करंट, सगळ्यात कमी ठेवून (प्रश्न १७) चालू करा.

१५. बाजारातले पॉवर ट्रान्झिस्टर नकली असतात म्हणतात. ओळखायचे कसे?

२एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीचे नकली तर सर्रास मिळतात. आत छोटी चकती टाकून वर मोठ्या ट्रान्झिस्टरचा नंबर छापलेला असतो. कमी आवाजात तो व्यवस्थित वाजतो आणि लग्नाच्या मांडवात तासाभरात उडतो. छपाई अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसून बघा. खात्रीच्या जुन्या ट्रान्झिस्टरशी वजन आणि बेस-एमिटरमधली कपॅसिटन्स ताडून बघा. चकती लहान असेल तर कपॅसिटन्सही बरीच कमी भरते. दहा घेतले असतील तर एक फोडून चकतीचा आकार पाहणं पैसे वसूल करून देतं. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून मागवणं. तोशिबाची या जोडीची पुढची आवृत्ती टीटीसी५२०० आणि टीटीए१९४३ या नावाने मिळते.

१६. मूळ नंबर मिळतच नाही. जास्त ताकदीचा कुठलाही टाकला तर चालेल ना?

व्होल्टेज, करंट आणि वॉट जास्त असले की भागलं, असं नाही. ट्रान्झिस्टरचा वेगही पाहावा लागतो. जुना २एन३०५५ एखाद्या मेगाहर्ट्झचा, २एससी५२०० तीस मेगाहर्ट्झचा. संथ ट्रान्झिस्टर धरून आखलेल्या सर्किटमध्ये वेगवान ट्रान्झिस्टर टाकला तर कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशन सुरू होऊ शकतं. सेट विनाकारण तापतो आणि ट्वीटर जळतो. ऑसिलोस्कोपवर पाहिल्याशिवाय असा बदल पक्का समजू नका. लोखंडी टोपीच्या टीओ-३ आकारात एमजे१५००३ आणि एमजे१५००४ ही जोडी (१४० व्होल्ट, २० अँपिअर) बऱ्याच जुन्या सेटमध्ये निभावते.

१७. बायस कसा लावायचा? प्रीसेट नवा टाकावा का?

प्रीसेट उघडा आणि जुना असेल तर हो, नवा बंद प्रकारचा टाका. बऱ्याच सर्किटमध्ये प्रीसेटच्या सरकत्या पट्टीचा संपर्क तुटला की बायस एकदम शेवटाला जातो आणि आउटपुट जळतात. बसवण्याआधी तो कमीत कमी बायसच्या टोकाला फिरवून ठेवा. कुठलं टोक कमीचं ते सर्किटवरून ठरवा, घड्याळाच्या दिशेवरून नाही.

स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्य. मीटरला टोकदार प्रोब न लावता क्लिप लावा. प्रोब एकदा घसरली की दुरुस्ती पहिल्यापासून. एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवरचे मिलिव्होल्ट वाचा: ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे २१ मिलिअँपिअर. वीस मिनिटं तापू द्या, परत लावा. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या.

तापल्यावर आकडा चढतच राहिला तर बायसचा डायोड किंवा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही. जुन्या एसटीव्ही-३एच सारख्या डायोडच्या जागी तीन १एन४१४८ मालिकेत जोडतात. तेही त्याच जागी, पेस्ट लावून, हीटसिंकला चिकटूनच हवेत.

१८. मागे ११०-१२०-२२०-२४० असा सिलेक्टर आहे. कुठे ठेवू?

२४० वर. आपल्या भिंतीतले २३० व्होल्ट अनेक ठिकाणी प्रत्यक्षात २४० च्या जवळ असतात, आणि २२० वर ठेवलेल्या सेटमध्ये आतले सगळे व्होल्टेज तेवढे वर जातात. जुन्या कपॅसिटरना ते झेपत नाही. परदेशातून आलेला सेट सिलेक्टर न बघता कधी लावू नका.

सिलेक्टर नसलेला जपानी सेट १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० व्होल्टचा. दोन्हीला स्टेप-डाउन लागतो. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर व्होल्टेज बरोबर असूनही जास्त तापतो आणि गुणगुणतो. पाटीवर ‘५०/६०’ लिहिलंय का ते पाहा.

१९. आत एसटीके आयसी आहे आणि तोच गेलाय.

सान्योचे हे मॉड्यूल आता खात्रीचे मिळणं अवघड आहे. नकली भरपूर आहेत. दुसऱ्या बंद सेटमधून काढलेला मूळ एसटीके हा माझ्या मते नव्या नकलीपेक्षा बरा.

२०. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये वेगळं काय?

कागदी कपलिंग कपॅसिटर. इथे मात्र ‘सरसकट नको’ हा १ल्या प्रश्नातला सल्ला मी मागे घेतो: हे सगळेच बदला. तो जरासा गळला तरी ईएल८४ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते आणि त्यापाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, जो मिळणं सगळ्यात कठीण. तपासायचं तर व्हॉल्व्ह काढून सॉकेटच्या ग्रिड पिनवर व्होल्टेज पाहा. शून्य हवं. बदली ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर. ईझेड८१ रेक्टिफायर असेल तर पहिला फिल्टर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, रेक्टिफायर मरतो. व्हॉल्व्ह मात्र उगाच बदलू नका. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अनेक सेटमध्ये अजून उत्तम चालू आहेत.

२१. उद्या विकायचा झाला तर मूळ भाग बदलल्याने किंमत कमी होईल का?

जाणकार ग्राहक स्वच्छ दुरुस्तीला नावं ठेवत नाही. काय बदललंय हे कळलं नाही की तो मागे हटतो. काढलेले भाग पिशवीत ठेवा, कुठल्या बोर्डावरचा कुठला नंबर ते चिठ्ठीवर लिहा, दुरुस्तीनंतरचा डीसी आणि बायसचा आकडा तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. ही चिठ्ठी पुढच्या दुरुस्तीवाल्याच्या सगळ्यात आधी उपयोगी पडते, कारण दोन वर्षांनी डीसी १२ वरून ६० मिलिव्होल्टवर गेला असेल तर कुठलं झाकण आधी उघडायचं ते त्याला लगेच कळतं.